सुगम्य मोबाइल ॲपची रचना शिकताना: एका सराव-प्रकल्पाची वाटचाल

मोबाइल ॲपच्या सुगम्यतेविषयी, म्हणजे ते अपंगत्व असलेल्यांनाही वापरता येण्याविषयी, शिकायला निघालेल्या नवशिक्याच्या हाती बहुधा आधी नियमांची यादी पडते. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेची, ‘डब्ल्यूसीएजी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये २.० या रूपात आली. २०१८ मध्ये २.१ आणि २०२३ मध्ये २.२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. बोटांचे हावभाव, स्क्रीनची दिशा, स्पर्शाच्या जागेचा आकार यांसारखे मोबाइलला थेट लागू होणारे बरेच निकष या नंतरच्या दोन आवृत्त्यांत आलेले आहेत. यादी उपयुक्तच आहे. पण अनुभव येण्याआधी ती वाचली, तर प्रत्येक निकष सारख्याच वजनाचा वाटतो आणि कोणता निकष कोणाच्या कोणत्या अडचणीतून जन्मला हे मनात बसत नाही. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी एक लहानसे ॲप हाती घ्यावे, त्यात अडखळावे, आणि अडखळलेल्या जागी नियम शोधावा.

सुगम्यता म्हणजे केवळ दृष्टिहीनांसाठी केलेली सोय, असा समज सुरुवातीलाच बाजूला ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे साधारणपणे सहापैकी एक व्यक्ती, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. त्यांत अल्पदृष्टी असलेले, कानांनी कमी ऐकू येणारे, हात थरथरणारे, एकच हात वापरू शकणारे, वाचताना किंवा लक्ष टिकवताना अडचण येणारे असे सगळेच येतात. यांपैकी प्रत्येकासाठी वेगळे ॲप करायचे नसते. एकच ॲप अनेक वाटांनी वापरता यावे, एवढेच साधायचे असते.

पहिली पायरी: विषय लहान, पण अडचणींनी भरलेला निवडावा

विषय निवडताना दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी संपूर्ण समाजमाध्यम बांधायला घेतो आणि लॉगिनच्या स्क्रीनपुढे सरकत नाही. कोणी नुसते सुविचार दाखवणारे ॲप घेतो, ज्यात वापरकर्त्याला काही करायचेच नसल्यामुळे करणाऱ्यालाही शिकण्यासारखे फार थोडे मिळते. सरावासाठी निवडलेल्या ॲपमध्ये निदान चार गोष्टी असाव्यात: एक यादी, एक अर्ज, वापरकर्त्याच्या कृतीने बदलणारी एखादी स्थिती, आणि वेळेशी जोडलेली एखादी सूचना. या चारांत मोबाइलवरील सुगम्यतेचे बहुतेक नेहमीचे प्रश्न येऊन जातात.

या लेखापुरते आपण औषधांची आठवण करून देणारे ॲप घेऊ. त्यात तीनच स्क्रीन असतील: आजच्या औषधांची यादी, नवीन औषध भरण्याचा अर्ज, आणि एकेका औषधाचा तपशील. लॉगिन नको, आलेख नकोत, सर्व्हर नको. एक सूचना मात्र गांभीर्याने पाळावी: हे सरावाचे ॲप आहे, तेव्हा कोणाच्याही खऱ्या औषधांची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये आणि चाचणीच्या वेळी बनावट औषधांची नावेच भरावीत.

यानंतर, एक रेघही ओढण्यापूर्वी, कागदावर एक तक्ता काढावा. आडव्या ओळीत तीन कामे लिहावीत: औषध घेतल्याची नोंद करणे, नवीन औषध भरणे, चुकून झालेली नोंद मागे घेणे. उभ्या रकान्यात चार परिस्थिती लिहाव्यात: स्क्रीन अजिबात न पाहता, अक्षरे दुप्पट मोठी करून, एकाच अंगठ्याने आणि नेम चुकत असताना, फोनचा आवाज पूर्ण बंद असताना. अशा बारा चौकटी तयार होतात. काल्पनिक नावे आणि हसरे फोटो लावून वापरकर्त्यांची व्यक्तिचित्रे रंगवण्यापेक्षा नवशिक्याला हा रुक्ष तक्ता अधिक उपयोगी पडतो, कारण प्रत्येक चौकटीत काम पूर्ण झाले की नाही याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच येते.

दुसरी पायरी: स्क्रीन रीडर स्वतः वापरायला शिकावा

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरील मजकूर आणि नियंत्रणे बोलून दाखवणारी व्यवस्था. बहुतेक अँड्रॉइड फोनवर ती टॉकबॅक या नावाने असते, तर आयफोनवर व्हॉइसओव्हर या नावाने २००९ पासून आहे. दोन्ही फोनच्या सेटिंग्जमधील सुगम्यतेच्या विभागात मिळतात आणि वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

ती सुरू करण्यापूर्वी बंद कशी करायची ते शिकून घ्यावे. ही गंमत नाही. स्क्रीन रीडर सुरू होताच फोनचे नेहमीचे स्पर्श बदलतात. एकदा बोट लावल्याने गोष्ट उघडत नाही, तिचे नाव बोलले जाते. मी पहिल्यांदा तो सुरू केला तेव्हा बंद करण्याचे बटण समोर दिसत असूनही ते दाबता येईना, आणि बराच वेळ फोन मला माझ्याच धडपडीचे धावते वर्णन ऐकवत राहिला. म्हणून सेटिंग्जमध्ये आधी शॉर्टकट लावून ठेवावा: अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणे एकत्र काही सेकंद दाबून धरणे, आयफोनवर बाजूचे किंवा होमचे बटण तीनदा दाबणे.

मूळ हालचाली थोड्याच आहेत. एका बोटाने उजवीकडे सरकवले की पुढच्या घटकावर जाता येते, डावीकडे सरकवले की मागच्या. ज्या घटकावर आपण थांबलो आहोत तो चालवण्यासाठी स्क्रीनवर कोठेही दोनदा टॅप करावे. यादी वरखाली सरकवण्यासाठी टॉकबॅकमध्ये दोन बोटे लागतात, व्हॉइसओव्हरमध्ये तीन. एवढ्या सामग्रीवर आठवडाभर, रोज अर्धा तास, आपल्या ओळखीचे एखादे ॲप वापरावे. पहिले दोन दिवस डोळे उघडे ठेवावेत. तिसऱ्या दिवसापासून स्क्रीन झाकावी. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टॅप केल्यास व्हॉइसओव्हर चालू असताना स्क्रीन काळी होते, आणि टॉकबॅकमध्येही स्क्रीन लपवण्याची सोय आहे.

या आठवड्यात काय शिकायचे, ते नीट समजून घ्यावे. डोळे झाकून अर्धा तास घालवल्याने दृष्टिहीन माणसाचा अनुभव कळत नाही. रोज स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने, अनेकदा आपल्याला शब्दही न उमगणाऱ्या गतीने, तो ऐकते. आपल्याला कळते ते एवढेच, की आपण नजरेच्या एका फेकीत जे टिपतो ते ऐकताना एकामागून एक, रांगेत यावे लागते. ‘बटण, नाव नाही’ असे कोठे ऐकू येते, एकच गोष्ट दोनदा कोठे बोलली जाते, सूचना दिसून नाहीशी झाली तरी कोठे काहीच ऐकू आले नाही, याच्या नोंदी ठेवाव्यात.

तिसरी पायरी: स्क्रीन काढण्यापूर्वी ती कशी ऐकू येईल ते लिहावे

या संपूर्ण मार्गात माझा सर्वाधिक भर या पायरीवर आहे. बहुतेक जण आधी चित्र काढतात आणि शेवटी त्याला लेबले, म्हणजे स्क्रीन रीडर बोलून दाखवतो ती नावे, चिकटवतात. त्याऐवजी प्रत्येक स्क्रीनसाठी एक बोलकी संहिता लिहावी: स्क्रीन रीडर वरपासून खालपर्यंत जे जे बोलेल ते, त्याच क्रमाने, एका ओळीत एक थांबा असे. प्रत्येक थांब्याला नाव असते, प्रकार असतो आणि गरजेप्रमाणे स्थिती असते. यादीच्या स्क्रीनचा माझा पहिला मसुदा असा होता:

‘आजची औषधे, शीर्षक.’
‘सकाळी ८.’
‘रक्तदाबाची गोळी.’
‘१ गोळी.’
‘घेतली, बटण.’
‘हटवा, बटण.’

मोठ्याने वाचल्याबरोबर यातले दोष कानाला टोचले. ‘घेतली’ ही झालेल्या गोष्टीची स्थिती आहे, की अजून करायची असलेली कृती? चित्रात बटणाचा रंग आणि कडा पाहून कदाचित अंदाज आला असता. ऐकताना येत नाही, आणि खरे म्हणजे घाईत पाहतानाही खात्रीने येत नाही. औषधाच्या बाबतीत हा घोळ साधा नाही: आधीच घेतलेली गोळी पुन्हा घेतली जाऊ शकते. दुसरा दोष थांब्यांचा. एका औषधासाठी पाच थांबे, तर आठ औषधांसाठी चाळीस. शेवटच्या औषधापर्यंत पोहोचायला बोट तितक्या वेळा सरकवावे लागणार. तिसरा दोष ‘हटवा’चा. आठ ओळींत आठ वेळा नुसते ‘हटवा’ ऐकू आले, तर नेमके काय हटणार हे कळायला प्रत्येक वेळी मागे जाऊन औषधाचे नाव ऐकावे लागते.

दुसऱ्या मसुद्यात औषधाची सर्व माहिती एका थांब्यात आणली, कृती स्पष्ट क्रियापदाने लिहिली आणि ‘हटवा’ यादीतून काढून तपशिलाच्या स्क्रीनवर नेले:

‘आजची औषधे, ८ पैकी ३ घेतली, शीर्षक.’
‘रक्तदाबाची गोळी, सकाळी ८, १ गोळी, घ्यायची बाकी.’
‘घेतल्याची नोंद करा, रक्तदाबाची गोळी, बटण.’

नोंद झाल्यावर हीच ओळ ‘रक्तदाबाची गोळी, सकाळी ८, घेतली ८ वाजून ५ मिनिटांनी’ अशी होते आणि बटणाच्या जागी ‘नोंद मागे घ्या’ येते. चाळीस थांब्यांचे सोळा झाले. आणि हे लक्षात घ्यावे, की स्क्रीन पाहून वापरणाऱ्यासाठीही रचना सुधारली, कारण ‘हटवा’ हे बटण आता ‘घेतल्याची नोंद करा’च्या शेजारी नाही. संहितेतला दोष हा बहुतेक वेळा रचनेतलाच दोष असतो. ऐकताना तो उघडा पडतो, इतकेच.

लेबले लिहिताना काही पथ्ये पाळावीत. लेबलात ‘बटण’ हा शब्द लिहू नये, कारण स्क्रीन रीडर तो प्रकार म्हणून स्वतःच जोडतो आणि मग ‘बटण बटण’ असे ऐकू येते. ‘दोनदा टॅप करा’ ही सूचनाही तो स्वतःच देतो. चिन्हाचे रूप न सांगता काम सांगावे: पेन्सिलीच्या चिन्हाचे लेबल ‘पेन्सिल’ नसून ‘बदल करा’ असते. नुसत्या शोभेच्या चित्राला लेबल देऊ नये. ते स्क्रीन रीडरपासून लपवावे. बटणावर जो मजकूर डोळ्यांना दिसतो तोच लेबलाच्या सुरुवातीला, शब्दाचा फेरफार न करता असावा, कारण काही लोक फोन आवाजाने चालवतात आणि ते समोर दिसणारे शब्दच उच्चारतात. स्क्रीनवर ‘घेतल्याची नोंद करा’ आणि लेबलात ‘डोस पूर्ण’ असे असेल, तर त्यांच्या आज्ञेला बटण प्रतिसाद देणार नाही.

चौथी पायरी: रंग आणि आकार आकड्यांनी तपासावेत

संहिता पक्की झाली की फिग्मासारख्या साधनात किंवा साध्या चौकटीच्या कागदावर रेखाटन सुरू करावे. येथे निकष आकड्यांत आहेत आणि म्हणून काम सोपे आहे. मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक गुणोत्तराने मोजतात. ते १:१ पासून, शुभ्र पांढऱ्यावर गर्द काळ्यासाठी, २१:१ पर्यंत जाते. ‘डब्ल्यूसीएजी’च्या एए, म्हणजे तीनपैकी मधल्या, पातळीनुसार साध्या मजकुराला निदान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला, म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असल्यास १४ पॉइंटपासून पुढे, निदान ३:१ हवे. बटणाच्या कडा, चौकटी आणि अर्थपूर्ण चिन्हे यांनाही ३:१ लागते. फिकट करड्याचा मोह डिझाइन करणाऱ्यांना फार असतो, म्हणून दोन आकडे लक्षात ठेवावेत: लाल, हिरवा, निळा हे तिन्ही घटक (० ते २५५ च्या मापावर) १५३ असलेला करडा पांढऱ्यावर जेमतेम २.८५:१ देतो आणि नापास होतो. तेच घटक ११८ वर आणले की ४.५४:१ मिळून तो काठावर उत्तीर्ण होतो. डोळ्यांना या दोन करड्यांतला फरक किरकोळ वाटतो, म्हणूनच तो मोजावा, नजरेवर सोपवू नये.

रंग एकटाच अर्थ वाहत असेल, तर ती जागा शोधून दुरुस्त करावी. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ०.५ टक्के व्यक्तींना लाल-हिरव्या छटांत कमीअधिक गोंधळ होतो. आपल्या ॲपमध्ये घेतलेल्या औषधाला हिरवा आणि चुकलेल्याला लाल ठिपका दिला असेल, तर नेमकी सर्वांत महत्त्वाची माहितीच त्यांच्यापासून हिरावली जाते. ठिपक्याच्या जागी ‘घेतली’, ‘बाकी’, ‘चुकली’ असे शब्द आणि वेगवेगळ्या आकारांची चिन्हे द्यावीत. रंग सोबतीला राहू द्यावा. संपूर्ण फोन करड्या छटांत दाखवण्याची सेटिंग वापरून स्क्रीन पाहिली की हा दोष एका मिनिटात सापडतो.

डीपी, पॉइंट आणि सीएसएस पिक्सेल ही स्क्रीनवरील मापाची एकके आहेत. स्पर्शाच्या जागेसाठी अँड्रॉइडची शिफारस ४८ बाय ४८ डीपी आणि ॲपलची ४४ बाय ४४ पॉइंट अशी आहे, ‘डब्ल्यूसीएजी’ २.२ मधील एए पातळीची किमान मर्यादा, काही अपवाद वगळता, २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल आहे. चिन्ह मोठे दिसायलाच हवे असे नाही. २४ डीपीच्या चिन्हाभोवती चारही बाजूंनी १२ डीपीची अदृश्य जागा दिली, की दाबता येणारा चौकोन ४८ डीपीचा होतो.

पाचवी पायरी: अक्षरे दुप्पट करून पाहावे

फोनच्या सेटिंग्जमध्ये अक्षरांचा आकार कमाल करावा आणि ॲप उघडावे. ‘डब्ल्यूसीएजी’नुसार मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही कापले जाऊ नये किंवा कोणतेही काम अडू नये. अँड्रॉइडच्या १४ व्या आवृत्तीपासून अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. आयफोनवर सुगम्यतेचे मोठे आकार चालू केल्यास १७ पॉइंटचा मुख्य मजकूर ५३ पॉइंटपर्यंत जातो, म्हणजे तिपटीहून अधिक होतो.

येथे बहुतेकांची पहिली रचना कोसळते, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असते: चौकटींना दिलेली ठरावीक उंची. उंची आशयानुसार वाढू द्यावी, मजकूर पुढच्या ओळीवर जाऊ द्यावा, आणि शेजारी-शेजारी असलेल्या गोष्टी जागा न उरल्यास एकाखाली एक येतील अशी सोय ठेवावी. अँड्रॉइडवर अक्षरांचा आकार एसपी या एककात द्यावा. डीपीमध्ये दिलेली अक्षरे वापरकर्त्याची सेटिंग जुमानत नाहीत. देवनागरीत ॲप करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्या लिपीत रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे असतात. रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेल्या ओळीच्या उंचीत ती छाटली जातात. ‘गोळी’तली मात्रा आणि वेलांटी छाटली गेली, तर वाचणाऱ्यापुढे ‘गाळा’ उरतो. चाचणीसाठी ‘द्रव्यांची पूर्तता’ यासारखा, वर आणि खाली दोन्हीकडे पसरणारा मजकूर वापरावा.

सहावी पायरी: अर्ज, चुका आणि वेळ

नवीन औषधाच्या अर्जात चार रकाने पुरेत: नाव, मात्रा, वेळ, शेरा. रकान्याचे नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ठेवण्याची पद्धत टाळावी. लिहायला लागताच ते नाहीसे होते आणि मध्येच लक्ष विचलित झालेल्या माणसाला आपण काय भरत होतो ते आठवत नाही. नाव रकान्याच्या वर, कायम दिसेल असे ठेवावे आणि कोडमध्ये ते रकान्याशी जोडावे.

चूक दाखवताना नुसती लाल कड पुरत नाही. ‘वेळ भरलेली नाही. औषधाची वेळ निवडा.’ असा मजकूर त्याच रकान्याखाली यावा, तो स्क्रीन रीडरने आपणहून बोलून दाखवावा, आणि ‘जतन करा’ दाबल्यावर स्क्रीन रीडरचा थांबा पहिल्या चुकलेल्या रकान्यावर जावा. आधी भरलेली माहिती कोणत्याही कारणाने पुसली जाऊ नये.

दोन-चार सेकंद दिसून विरून जाणाऱ्या सूचनांविषयी मी जरा कडवा आहे. ‘नोंद झाली’ एवढेच सांगायचे असेल तर त्या चालतात, मात्र त्या ऐकूही यायला हव्यात. पण ‘मागे घ्या’ हे बटण अशा सूचनेत ठेवले, तर स्क्रीन रीडरने किंवा स्विचने (स्पर्शाऐवजी वापरायच्या वेगळ्या बटणाने) फोन चालवणारी व्यक्ती तेथे पोहोचेपर्यंत सूचना गेलेली असते. म्हणूनच आपल्या संहितेत ‘नोंद मागे घ्या’ औषधाच्या ओळीतच आहे. आठवण देणारी सूचनाही केवळ आवाजावर विसंबू नये. कंपन आणि लॉक स्क्रीनवर टिकून राहणारा मजकूर हे दोन्ही सोबत असावेत. तक्त्यातली ‘आवाज बंद’ ही ओळ याचसाठी आहे.

हावभावांबाबत एकच नियम पाळावा: ओढून, सरकवून किंवा फोन हलवून जे होते, ते एका साध्या टॅपनेही व्हावे. औषधांचा क्रम ओढून बदलता येत असेल तर ‘वर न्या’ आणि ‘खाली न्या’ अशी बटणेही असावीत. ॲप उभ्या दिशेतच अडकवू नये, कारण काहींचा फोन व्हीलचेअरला आडवा बसवलेला असतो. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग निवडली आहे, त्यांना सरकते देखावे दाखवू नयेत.

सातवी पायरी: बांधताना तयार घटक वापरावेत

कोड लिहिणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाचा सल्ला आळशीपणाचा आहे. प्रणालीने दिलेले बटण, चेकबॉक्स, वेळ निवडण्याचा घटक हेच वापरावेत. त्यांना प्रकार, स्थिती आणि कीबोर्डची साथ बहुतांशी आधीच असते. साध्या चौकोनाला टॅप ओळखायला लावून बनवलेले ‘बटण’ दिसते बटणासारखे, पण स्क्रीन रीडरला तो चौकोनच राहतो. संहितेतली नावे कोडमध्ये उतरवण्यासाठी ॲप बांधण्याच्या साधनसंचांत सोय असते: जेटपॅक कंपोजमध्ये ‘कंटेंट डिस्क्रिप्शन’, स्विफ्टयूआय आणि रिॲक्ट नेटिव्हमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी लेबल’, तर फ्लटरमध्ये ‘सिमँटिक्स’ हा विजेट आहे. अनेक तुकडे एका थांब्यात जोडण्याची सोयही या साधनसंचांत मिळते. ज्यांना कोड येत नाही त्यांनी येथे थांबू नये. रेखाटनावर प्रत्येक थांब्याचा क्रमांक, नाव, प्रकार आणि स्थिती लिहून ठेवली, तर तीही पूर्ण आणि दाखवण्याजोगी कामगिरी असते.

आठवी पायरी: यंत्राने, मग स्वतः, मग माणसांबरोबर तपासावे

अँड्रॉइडवर गूगलचे ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर आणि ॲपलच्या बाजूला एक्सकोड या ॲप बांधण्याच्या साधनातील ॲक्सेसिबिलिटी इन्स्पेक्टर ही साधने लेबल नसलेली बटणे, लहान स्पर्शजागा आणि अपुरा रंगफरक शोधून देतात. ही तपासणी आधी करून घ्यावी, म्हणजे ढोबळ चुकांत माणसांचा वेळ जात नाही. पण साधनाला लेबल आहे की नाही एवढेच कळते, ते खरे आहे की खोटे हे कळत नाही. ‘चित्र १२’ असे लेबल दिलेले बटण यंत्राच्या लेखी निर्दोष असू शकते.

त्यानंतर बारा चौकटींचा तक्ता काढून प्रत्येक काम प्रत्येक परिस्थितीत स्वतः करावे. स्क्रीन न पाहता औषध भरताना ऐकू आलेले प्रत्येक वाक्य संहितेशी ताडून पाहावे. जेथे फरक पडतो तेथे कधी कोड चुकलेला असतो आणि कधी संहिताच. माझ्या बाबतीत ‘८ पैकी ३ घेतली’ हा आकडा नोंद केल्यानंतर स्क्रीनवर बदलत होता, पण ऐकू येत नव्हता, आणि संहितेत त्या क्षणाची ओळच लिहिलेली नव्हती.

शेवटी, शक्य असेल तर, स्क्रीन रीडर किंवा मोठी अक्षरे रोज वापरणाऱ्या एक-दोन व्यक्तींना विनंती करावी. त्यांच्या वेळेचा मोबदला देऊ करावा, चाचणी त्यांच्याच फोनवर आणि त्यांच्याच सेटिंग्जसह घ्यावी, आणि काम सांगून गप्प बसावे. ‘येथे वर उजवीकडे बटण आहे’ असे सुचवण्याची ऊर्मी फार जोरात येते. ती आली की समजावे, नेमके तेथेच आपले ॲप अपुरे आहे. एका व्यक्तीला जे जमले ते सर्वांना जमेल असा निष्कर्ष काढू नये, आणि एकाच व्यक्तीकडे सर्व अपंग व्यक्तींच्या वतीने उत्तरे मागू नयेत.

नवव्या पायरीपुरते: नोंदी कशा मांडाव्यात

प्रकल्प इतरांना दाखवताना सुंदर स्क्रीनांची रांग लावण्यापेक्षा संहितेचे दोन मसुदे, करड्याचे आधीचे आणि नंतरचे गुणोत्तर, आणि तारखांसह भरलेला बारा चौकटींचा तक्ता मांडावा. ‘डब्ल्यूसीएजी’ची यादी वाचायची ती आता: प्रत्येक सुटलेल्या अडचणीपुढे तिचा निकष शोधून त्याचा क्रमांक लिहावा. रंगाने एकट्याने अर्थ न वाहण्याचा निकष १.४.१ आहे, मजकुराच्या रंगफरकाचा १.४.३, ओढण्याला पर्याय देण्याचा २.५.७, आणि आपोआप ऐकू यायच्या सूचनांचा ४.१.३. ज्या चौकटीत ‘नाही’ आले, ती लपवू नये. तिच्यापुढे कारण आणि पुढचा प्रयत्न लिहावा. माझ्या तक्त्यात अकरा ‘हो’ आहेत. अक्षरे दुप्पट करून फोन आडवा धरला, की वेळ निवडण्याच्या घटकातले ‘ठीक’ हे बटण स्क्रीनबाहेर जाते, आणि त्यासाठी तासाचा आणि मिनिटांचा आकडा टाइप करण्याचे दोन साधे रकाने मी सध्या करून पाहत आहे.